क्लिपांचं बारसं

सरांची खुर्ची सायकलच्या कुलपाने टेबलाला बांधलेली असायची. नोएडातल्या आमच्या कॉलेजच्या एडिटिंग रूममध्ये चौदा खुर्च्या होत्या, सगळ्या एकाच टेम्पोतून आलेल्या, एकसारख्या. पण त्यांतली एक सरांना ‘बसली’ होती. तिच्यावर दुसरं कोणी बसलं तर कट दोन फ्रेम उशिरा पडतो, असं ते सांगत. सेकंदाला पंचवीस फ्रेम असतात. म्हणजे दोन फ्रेम हा पापणी लवायलाही पुरणार नाही एवढा वेळ. तो खुर्चीमुळे इकडचा तिकडे होतो, हे मी पहिल्या वर्षी वहीत लिहून घेतलं होतं. ती वही अजून माझ्याकडे आहे.

आमच्या घरातून कॉलेजात गेलेली मी पहिलीच. शिक्षक सांगतात ते लिहून घ्यायचं, एवढंच मला माहीत होतं. शिक्षक मूर्खही असू शकतो, ही शक्यता मला कोणी सांगितली नव्हती. आताही हे वाक्य लिहिताना मी दोनदा थांबले. पण खोडत नाही.

सर पन्नाशीचे असावेत. अंगात बारा महिने एकच बिनबाह्यांचं जाकीट, आणि त्याच्या प्रत्येक खिशात एकेक पेन ड्राइव्ह. प्रत्येकाला वेगळ्या रंगाचा दोरा. कोणत्या रंगात काय आहे ते फक्त त्यांना माहीत, असं ते म्हणत. प्रत्यक्षात त्यांनाही माहीत नसायचं. लाल लावायचे, बघायचे, “ये नहीं” म्हणायचे, मग हिरवा. तास त्यातच जायचा. एडिटिंग रूममध्ये बूट चालत नसत. जानेवारीत, दिल्लीच्या थंडीत, आम्ही तेरा जण गार फरशीवर पाय आखडून बसायचो आणि सर मात्र लोकरीच्या मोज्यांचे दोन जोड चढवून फिरायचे. “जागा पवित्र पाहिजे,” म्हणायचे. त्याच पवित्र जागेत मशीनजवळ आम्हाला पाण्याची बाटली ठेवायची मनाई होती, आणि त्यांच्या कीबोर्डच्या फटींतून मूगडाळ निघायची.

संध्याकाळी ते स्वतःच्या मॉनिटरवर शाल पांघरायचे. ती शाल महिन्यातून एकदा माझी आई धुवायची. हे कसं सुरू झालं ते सांगायला हवं.

पहिल्या दिवशी ओळख करून देताना मी हिंदीत अडखळले. माझे बाबा सैन्यात, आम्ही दिल्ली कॅन्टोन्मेंटच्या क्वार्टरमध्ये राहायचो, पण शाळा बरीचशी गावाकडे झालेली. सगळे वाट बघत होते आणि मला वाक्य पुरं करता येत नव्हतं. तेव्हा सर मराठीत म्हणाले, “गाव कुठलं तुझं?”

“सातारा जिल्हा. माण तालुका.”

“अच्छा. मग तू आपली. बस, बस.”

ते स्वतः दिल्लीत वाढलेले. त्यांच्या मराठीतून बरेच शब्द गळून पडले होते आणि तिथे हिंदी भरलेली होती, पण त्या दिवशी मला ते कानाला गोड लागलं. मी इतकी भारावले की महिन्याभराने त्यांनी “ही शाल जरा घरी... काय म्हणतात... धो के लाशील का?” असं विचारलं, तेव्हा मला तो मान वाटला. आई तर शाल धुऊन, इस्त्री करून, वर्तमानपत्रात गुंडाळून द्यायची. “सर आपले आहेत,” ती शेजारणीला सांगायची. सरांनी तीन वर्षांत एकदाही शालीबद्दल आईला निरोप पाठवला नाही.

त्यांची वाक्यं होती. प्रत्येक बॅचला तीच. “कट मारायचा नसतो, कट आपोआप लागतो.” “मी पंचवीस सॉफ्टवेअर बघितली, एकात पण माणूस नाही निघाला.” आणि सगळ्यात लाडकं: “नंबर कैद्याला असतो. क्लिपला नाव असतं.” हे म्हणताना ते डोळे मिटायचे. एका मोठ्या फिल्मचं एडिटिंग आपण केलं आणि श्रेयनामावलीतून आपलं नाव उडवलं गेलं, असंही ते सांगत. फिल्मचं नाव विचारलं की म्हणत, “नाव सांगितलं तर केस होईल.” एका वर्षी ती फिल्म युद्धाची होती, पुढच्या वर्षी ती प्रेमकथा झाली होती.

मेरठच्या एका मुलाने त्यांची परीक्षा घेतली होती. सरांचा दावा होता की कट कोणत्या सॉफ्टवेअरमध्ये झालाय ते त्यांना नुसतं बघून कळतं. त्या मुलाने तास सुरू असताना दोन तुकडे दाखवले आणि अगदी नम्रपणे विचारलं, “सर, इन में से कौन सा किस में कटा है?”

सरांनी दोन्ही तुकडे तीन-तीनदा बघितले. मग म्हणाले, “पहला भारी है. दूसरे में हवा है. दूसरा वाला नए सॉफ्टवेअर का.”

बाहेर व्हरांड्यात तो मुलगा हसून हसून भिंतीला टेकला. “दोनों एक ही फाइल थी, यार.”

मी त्याच्याशी दोन आठवडे बोलले नाही. सरांची बाजू घेऊन. याची मला आज जास्त लाज वाटते.

आता बारशाबद्दल. प्रत्येक विद्यार्थ्याचं शूटिंग संपलं की सर एक दिवस ठरवायचे. त्या दिवशी ते स्टीलच्या डब्यातून घुगऱ्या आणायचे, मीठ आणि जिरं घातलेले उकडलेले हरभरे. एरवी थर्मासमधला घोटभर चहा न देणारा हा माणूस त्या दिवशी प्रत्येकाच्या हातावर चमचाभर घुगऱ्या ठेवायचा. मग खुर्चीचं कुलूप तपासून बसायचे आणि एकेक क्लिप सुरुवातीपासून शेवटपर्यंत बघायचे. कॅमेऱ्याने क्लिपला दिलेलं नाव म्हणजे एक अक्षर आणि चार आकडे. ते पुसून सर तिथे नवं नाव टाकायचे. ‘ढग पहिला’, ‘खिडकीला कंटाळा’, ‘चाचा झूठ बोल रहे हैं’. हिंदीवाल्या मुलांना हिंदी नावं. मुलं मजा म्हणून बसायची. त्यांच्या फिल्म कॉलेजातच बनायच्या आणि कॉलेजातच संपायच्या, त्यामुळे क्लिपचं नाव काहीही असलं तरी बिघडत नव्हतं.

माझी फिल्म बाहेर जाणार होती.

गुरुग्राममध्ये एक कंपनी आहे, फिल्मच्या रंगांचं काम करणारी. ती दर वर्षी आमच्या कॉलेजातली एक फिल्म निवडते आणि तिचे रंग करून देते. त्या वर्षी माझी निवडली. कॅन्टोन्मेंटमधल्या बायका संक्रांतीला बस करून पानिपतला काला अंबला, तिसऱ्या लढाईच्या स्मारकाला जातात, त्यावर माझी वीस मिनिटांची फिल्म होती, तेव्हा नुसती शूट झालेली. बस, तिळगुळाचे डबे, स्मारकासमोर चप्पल काढून उभ्या राहिलेल्या बायका, आणि त्यांना सोबत म्हणून आलेले माझे बाबा. कंपनीच्या मॅडमनी निवड कळवताना सांगितलं होतं, की टाइमलाइन नीट आली तर विद्यार्थ्यालाही घेऊ, एक जागा आहे. “काम सुंदर है या नहीं वो बाद में. पहले ये देखेंगे कि भेजना आता है या नहीं.”

मला ती जागा हवी होती. बाबा मेअखेरीस निवृत्त होणार होते. क्वार्टर सोडायचं आणि सगळ्यांनी गावी जायचं, असं ठरलेलं. गावी गेल्यावर माझं काय होणार तेही साधारण ठरलेलं होतं. आई दोन स्थळांचे फोटो उशाखाली ठेवून होती. बाबा एवढंच म्हणाले होते, “मेच्या आत नोकरीचं पत्र दाखव. मग तू राहा इथं, मी आईला सांगतो.” बाबा जास्त बोलत नाहीत. जे बोलतात ते करतात.

टाइमलाइन पाठवणं म्हणजे काय, हे ज्यांचा याच्याशी संबंध नाही त्यांना सांगते. आपण एडिटिंग करतो तेव्हा फिल्मचे तुकडे एका आडव्या पट्टीवर ओळीने मांडतो, ती टाइमलाइन. रंगांचं काम दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये होतं. तिकडे आपण फिल्म पाठवत नाही, चिठ्ठी पाठवतो. आई मला शेजारच्या काकूंकडे चिठ्ठी देऊन पाठवायची, निळ्या डब्यातला रवा वाटीभर, पिवळ्यातली साखर अर्धी वाटी, तशीच. या क्लिपमधला दहाव्या सेकंदापासून चौदाव्यापर्यंतचा भाग घ्या, मग त्या क्लिपमधला अमुक. डबे त्यांच्याकडे आधीच असतात. मूळ क्लिपांची हार्ड डिस्क मी निवड झाल्यावर पहिल्याच आठवड्यात मेट्रोने गुरुग्रामला नेऊन दिली होती, कॅमेऱ्यातून निघाली तशीच. चांगल्या कॅमेऱ्यात प्रत्येक क्षणाला त्याची स्वतःची वेळ चिकटलेली असते, त्यामुळे नाव चुकलं तरी क्लिप ओळखू येते. आमचा कॉलेजचा कॅमेरा स्वस्तातला. प्रत्येक क्लिप शून्यापासून सुरू. म्हणजे नाव गेलं की ओळख गेली.

कंपनीने सूचनांचा कागद दिला होता. तिसरीच सूचना होती, क्लिपची नावं बदलू नयेत. मी ती वाचली होती. हे मला लपवायचं नाही. बारशाच्या दिवशी मी तो कागद सरांना दाखवलाही.

“सर, यात लिहिलंय की नावं...”

सरांनी कागद घेतला, वाचल्यासारखं केलं, चार घड्या घातल्या आणि घुगऱ्यांच्या डब्याखाली ठेवला. डबा ओला होता.

“हे लोक कोण? मशीनवाले. त्यांना काय कळतं. इतक्या वर्षांनी मला आपल्या भाषेत बारसं करायला मिळतंय, बिल्कुल शुद्ध मराठीत, आणि तू कागद काय दाखवतेस?”

मी कागद परत मागितला नाही. हातावर घुगऱ्या होत्या.

दिवसभर ते नावं देत राहिले. ‘मावशी रुसली’. ‘बस निघाली, मन मागे’. ‘तिळगूळ सांडला’. एखादा शब्द आठवला नाही की मला विचारायचे. “ते काय म्हणतात... आँचल?”

“पदर.”

“हां, पदर. ‘पदराला वारा नाही’. चलो, पुढे.”

बाबांचा एक शॉट होता. स्मारकाजवळ ते टोपी हातात धरून उभे आहेत, कॅमेऱ्याकडे पाठ, आणि दोनदा मागे वळून बघतात. त्यात बाकी काही घडत नाही. सरांनी तो दोनदा बघितला आणि नाव टाकलं, ‘आता कुठं जायचं’. बाबांच्या निवृत्तीबद्दल मी सरांना काहीच सांगितलं नव्हतं. पण चारशे क्लिपांना नावं देत बसलं की एखादं कुठेतरी लागतंच. अंदाधुंद दगड मारणाऱ्याचाही एखादा आंबा पडतो.

मार्चभर मी त्या नावांवर फिल्म कापली, एप्रिलच्या सुरुवातीला टाइमलाइन पाठवली. शनिवारी सकाळी मॅडमचा फोन आला.

“बेटा, ये क्या भेजा है? पूरी टाइमलाइन लाल पड़ी है. हमारा सिस्टम ‘मावशी रुसली’ ढूँढ रहा है. ये मावशी कौन है?”

मी म्हणाले, “मॅडम, क्लिप है.”

“हमारे पास तो ऐसी कोई मावशी नहीं आई.” त्यांच्या मागे कोणीतरी हसलं. “देखो, सोमवार दोपहर तक ठीक करके भेज दो. उसके बाद स्लॉट दूसरे को जाएगा.”

स्लॉटबरोबर जागाही जाणार, हे त्यांनी म्हटलं नाही, मला कळलं.

मी धावत सरांकडे गेले. आधी वाटलं, त्यांच्याकडे यादी असेल. जुनं नाव, नवं नाव. कोणताही शहाणा माणूस अशी यादी ठेवेल.

“यादी?” सर मूगडाळ खात होते. “बारशाला आलेल्या बाळाला कोणी विचारतं का, याच्या आधी तुझं नाव काय होतं?”

“पण सर, त्यांच्याकडे उघडत नाहीये.”

“त्यांच्या सॉफ्टवेअरला मराठी येत नाही. तो त्यांचा प्रॉब्लेम.”

तोवर मॅडमचा फोन आमच्या विभागप्रमुखांकडेही गेला होता. आम्हा दोघांना बोलावणं आलं. विभागप्रमुख बाईंनी सरांना विचारलं, की काय झालं. मला वाटलं, आता सर नावांचं सांगतील, कैदी आणि नंबर वगैरे, आणि बाई त्यांना दोन शब्द सुनावतील. तेवढी तरी मला आशा होती.

सर म्हणाले, “लड़की नई है, मैडम. एक्सपोर्ट करते वक़्त कोई बटन रह गया होगा. मैंने तो बोला था, मेरे सामने करो.”

मग माझ्याकडे वळून, हळू आवाजात, मराठीत: “काही बोलू नकोस. आपल्या घरातलं आपल्या घरात.”

बाईंना मराठी येत नव्हतं. त्या माझ्याकडे बघत होत्या. मी खाली बघितलं. सरांच्या पायात ते लोकरीचे मोजे होते, एप्रिलमध्येसुद्धा, आणि त्यांतल्या एकाला अंगठ्यापाशी भोक पडलेलं होतं. मी त्या भोकाकडे बघत म्हणाले, “सॉरी मैडम.”

तीन वर्षांत मी सरांकडून नक्की काय शिकले असं कोणी विचारलं, तर त्या खोलीत शिकले ते सांगेन. ‘आपली’ म्हणजे जिच्यावर ढकलता येतं ती.

घरी येऊन मी रडले नाही, पण जेवलेही नाही. बाबांनी विचारलं. त्यांना टाइमलाइन म्हणजे काय ते माहीत नव्हतं. मी चिठ्ठीचं आणि डब्यांचं सांगितलं. बाबांची अख्खी नोकरी सामानाच्या कोठारात गेली आहे. पेट्या मोजणं, पेट्या लावणं, पेट्या देणं. ते म्हणाले, “पावसात पेटीवरची चिठ्ठी निघून जाते. मग आम्ही काय करतो?”

“काय?”

“वजन करतो. नाव गेलं तरी वजन जात नाही.”

फाइलला वजन असतं, म्हणजे डिस्कवर ती किती जागा व्यापते त्याचा आकडा. शेवटच्या आकड्यापर्यंत लिहिलेलं असतं, आणि नाव बदलल्याने त्यातला एक आकडाही हलत नाही. तीन वर्षं मी एडिटिंग शिकत होते आणि हे मला कोठारातल्या माणसाने सांगितलं.

मी मॅडमना फोन करून त्यांच्याकडच्या क्लिपांची नावं आणि वजनं मागवली. सरांनी नावं बदललेल्या क्लिपांची प्रत माझ्या डिस्कवर होतीच. रविवारी सकाळी कॅन्टोन्मेंटच्या बाजारात जाऊन दोन्ही याद्या छापून आणल्या आणि क्वार्टरच्या पुढच्या खोलीत सतरंजीवर बसलो. फिल्ममध्ये वापरलेल्या क्लिपा एकशे सदतीस. बाबा चष्मा लावून माझी यादी वाचायचे, मी गुरुग्रामच्या यादीत तोच आकडा शोधून खूण करायची. ते हजेरी घेतल्यासारखे वाचत होते, एका सुरात.

“मावशी रुसली. दोन, सात, चार, एक...” मग चष्म्यावरून, “ही कोण मावशी?”

“सुभेदारकाकू.”

“त्या रुसल्या नव्हत्या. त्यांचा दात दुखत होता.”

आई स्वयंपाकघरातून हसली. त्या दोन दिवसांत घरातलं ते पहिलं हसू. मग ‘बस निघाली, मन मागे’ आलं तेव्हा बाबा म्हणाले, “हा माणूस पगार घेतो?” मी म्हटलं, घेतो. त्यांनी मान हलवली आणि पुढचा आकडा वाचला.

दुपारनंतर ते एका ओळीवर थांबले.

“आता कुठं जायचं,” त्यांनी वाचलं. “हे काय आहे?”

“तुमचा शॉट आहे, बाबा. स्मारकाजवळचा.”

त्यांनी यादी मांडीवर ठेवली. चष्मा काढला, बंडीच्या टोकाने पुसला, परत लावला. मग आकडे वाचले, नेहमीपेक्षा सावकाश. मी खूण केली. आम्ही पुढे गेलो.

दोन क्लिपांचं वजन अगदी सारखं निघालं, त्या डोळ्यांनी बघून ओळखल्या. दिवेलागणीपर्यंत यादी पुरी झाली.

सोमवारी सकाळी कॉलेज उघडताच मी एडिटिंग रूममध्ये जाऊन बसले. एकेका क्लिपला तिचं कॅमेऱ्यातलं नाव परत दिलं आणि टाइमलाइनला ती पुन्हा जोडली. सर दहाला आले. खुर्चीचं कुलूप उघडलं, परत लावलं, माझ्या स्क्रीनकडे बघितलं.

“नावं पुसतेस?”

मी पुढची क्लिप जोडली.

“मी दिवसभर बसून दिलेली नावं. पाप लागतं, यार.”

उत्तर देण्यासारखं माझ्याकडे पुष्कळ होतं, पण एकशे दहावी क्लिप चालू होती आणि मला चूक करायची नव्हती. बाराला टाइमलाइन पाठवली. साडेबाराला मॅडमचा निरोप आला: “सब खुल गया. ये किया कैसे?” मी कोठारातल्या पेट्यांचं लिहिलं. त्यांनी उत्तरात फक्त लिहिलं, जून से आ जाओ.

पाठोपाठ नोकरीचं पत्र आलं, ते मी बाबांना दाखवलं. त्यांनी ते दोनदा वाचलं आणि आईला हाक मारून उशाखालचे फोटो परत पाठवायला सांगितलं. मेअखेरीस ते दोघं गावी गेले. मी गुरुग्रामला, चार मुलींबरोबर एका खोलीत.

आता माझं काम तेच आहे. वेगवेगळ्या सॉफ्टवेअरमधून आलेल्या टाइमलाइन आमच्याकडे उघडायच्या आणि जे सापडत नाही ते शोधायचं. शूटिंगवाल्यांना जाणारा सूचनांचा कागद आता मी तयार करते. नावं न बदलण्याची सूचना मी तिसऱ्या क्रमांकावरून पहिल्यावर घेतली आहे.

मागच्या हिवाळ्यात कॉलेजने मला नव्या बॅचशी बोलायला बोलावलं. सत्तरेक मुलं होती. सर पहिल्या रांगेत, त्याच जाकिटात. ओळख त्यांनीच करून दिली. “ये हमारी अपनी बच्ची है. इसकी टाइमलाइन मैंने अपने हाथ से गुरुग्राम भेजी थी.”

मुलांनी टाळ्या वाजवल्या. मी माइकपाशी गेले. रात्रभर लिहून पाठ केलेलं भाषण होतं, त्यात सरांचे आभारही होते, सवयीने. ते मी म्हटलंच नाही. टाइमलाइन लाल पडते म्हणजे काय होतं ते सांगितलं. एका दिवसाच्या हौसेपायी एखाद्याची नोकरी कशी जाऊ शकते, ते सांगितलं. कोणाचं नाव घेतलं नाही. शेवटी म्हणाले, “एक ही नियम याद रखिए. जो फाइल जिस नाम से आए, उसका नाम मत बदलिए. कभी नहीं.” मध्ये एकदा अडखळले. पण वाक्य पुरं झालं.

सर्वांत मोठ्याने टाळ्या सरांनी वाजवल्या. उभे राहून. मग मुलांकडे वळून म्हणाले, “बिल्कुल. यही तो मैं रोज़ बोलता हूँ.”

मी खाली उतरले तेव्हा त्यांनी मला थांबवलं. मला वाटलं, निदान आता तरी काही म्हणतील. ते म्हणाले, “आई कशी आहे? शाल आता कोण धुणार, प्रॉब्लेमच झालाय.”

असा तो माणूस. त्यांना माझं बोलणं लागलं नाही, कारण ते त्यांच्याबद्दल होतं हे त्यांना कळलंच नाही, असं मी मेट्रोमध्ये परतताना स्वतःला सांगत होते. त्याने जरा बरं वाटत होतं.

आठवड्याने विभागाकडून त्या भाषणाचं चित्रीकरण आलं. कॉलेजचे सगळे कार्यक्रम शूट होतात आणि फाइल सरांच्या हातून बाहेर पडते. मी ती ऑफिसात, जेवणाच्या सुट्टीत उतरवून घेतली. कॅमेऱ्याचं अक्षर नव्हतं, आकडे नव्हते. सरांनी तिचं बारसं केलं होतं. नाव होतं, ‘पोरीचा राग अजून गेला नाही’.

म्हणजे माझं बोलणं त्यांना कळलं होतं. मग पुसून टाकायला कर्सर त्यावर नेला. शेजारी बसणारी मुलगी डबा खात होती, ती सहज म्हणाली, “ये किसकी फाइल है?”

“मेरी,” मी म्हटलं, आणि हात मागे घेतला. जी फाइल ज्या नावाने येते तिचं नाव बदलायचं नसतं. ती अजून माझ्याकडे त्याच नावाने आहे.